काळ्या पट्ट्यावरचे बटाटे

फेब्रुवारी आला की मला बटाटे आठवतात. ओले, मातकट, काळ्या रबरी पट्ट्यावरून एकामागून एक येणारे बटाटे. आज सकाळी इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या पोस्टातून बाहेर पडताना पुन्हा तेच झालं. पासपोर्टचं पाकीट काचेखालून पलीकडे सरकवलं, पावती पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली, गाडीत येऊन बसले आणि यादीतल्या ‘पासपोर्ट पोस्ट करणे’वर रेघ मारली. या वेळचा अर्ज इथे कायम राहण्याच्या परवानगीचा आहे. सगळे कागद तीनतीनदा तपासलेत, काळजीचं काही नाही. तरी स्टिअरिंगवर हात ठेवून पाच मिनिटं तशीच बसून राहिले. एरवी मला जायचं असतं कुठे? ऑफिस, सुपरमार्केट, घर, आणि त्यांना जोडणारे हे न संपणारे राउंडअबाउट. पण पासपोर्ट हातात नसला की या बेटाचा किनारा चारी बाजूंनी आत सरकतो. वर्षभर ज्या दाराकडे बघितलंही नाही, ते बाहेरून बंद झालंय एवढं कळलं तरी माणूस उठून कडी हलवून बघतो.

तीन वर्षांपूर्वी मी अशीच अडकले होते, लीड्समध्ये.

तिथे एका छोट्या कंपनीत होते. आम्ही सगळे मिळून सात जण. कारखान्यातला माल कॅमेऱ्याने तपासणारी यंत्रं बनवायचो, आणि माझ्या वाट्याला बटाटे आले होते. शहराबाहेर वेफर्सचा एक कारखाना होता, तिथे पट्ट्यावरून जाणाऱ्या धुतलेल्या बटाट्यांतले नासके बाजूला काढायचे. मी पुण्याला फोनवर हे सांगितलं तेव्हा सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “बटाटे निवडायला विलायतेत कशाला जायला हवं होतं? मंडई काय वाईट होती?”

काम सांगायला सोपं होतं. पट्ट्याच्या वर कॅमेरा, फोटो कृष्णधवल. फोटो म्हणजे शेवटी लाखो ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला उजेडाचा एक नंबर. शून्य म्हणजे काळाकुट्ट, दोनशे पंचावन्न म्हणजे पांढराफटक. कोणता नंबर किती ठिपक्यांना मिळाला ते मोजून आलेख काढायचा. त्याला म्हणायचं हिस्टोग्राम. पट्टा काळा, बटाटा उजळ, त्यामुळे आलेखात दोन टेकड्या उभ्या राहतात, डावीकडे पट्ट्याची, उजवीकडे बटाट्याची, आणि मधे दरी. दरीच्या तळाशी एक रेघ मारायची. रेघेच्या अलीकडचे ठिपके पट्टा, पलीकडचे बटाटा. झाले फोटोचे दोन प्रदेश. मग बटाट्याच्या प्रदेशात पुन्हा तीच मोजणी: उजळ ते चांगलं, काळपट ते वाईट. काळपट ठिपके ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त भरले की एक दांडी पुढे येणार आणि तो बटाटा बाजूच्या पेटीत ढकलणार.

हे काम मला मनापासून आवडलं. मी मुळात याद्यांची बाई. सामानाची यादी, फोनची यादी, फ्रिजमधल्या डब्यांची यादी. माझ्या नवऱ्याच्या, शरदच्या मते यादी करायच्या गोष्टींचीही माझ्याकडे एक यादी असते. लाखो ठिपके उचलून आपापल्या कप्प्यात टाकायचे आणि प्रत्येक कप्प्यावर आकडा लिहायचा, यात मला जी शांतता मिळे ती दुसऱ्या कशात मिळत नव्हती. जग कितीही भरकटलेलं असो, त्याची मोजदाद करता येते, हा केवढा आधार.

त्या पट्ट्याशी मॉरीन नावाची एक बाई उभी असायची. साठीची, ठेंगणी, कोपरापर्यंत रबरी हातमोजे घातलेली. बावीस वर्षं ती हातानं नासके बटाटे काढत होती. पहिल्या दिवशी मी शिडीवर चढून कॅमेरा बसवत होते तेव्हा ती खालून ओरडली, “म्हणजे हे चाललं की मी घरी आणि नाही चाललं की तू घरी. बरोबर ना, लव्ह?” ‘लव्ह’ म्हणजे तिकडचं ‘बाळा’.

मी हसले. पण मनात आलं, बाई गं, तुला घरी जायचं नाहीये आणि मला जायचंय, आणि दोघींनाही आपापल्या मनासारखं मिळणार नाही.

मला घरी जायचं होतं कारण केतकीची दहावी होती.

केतकी आमची एकुलती एक. मी लीड्सला आले तेव्हा ती आठवीत होती. पुण्यातली माझी कंपनी बंद पडली होती, शरदच्या नोकरीचं काही खरं नव्हतं, आणि इथलं परमिट दोन वर्षांचं मिळालं होतं. निघताना विमानतळावर मी तिला वचन दिलं होतं: दहावीच्या परीक्षेला मी घरी असणार, पहिल्या पेपरला दही-साखर तुझ्या हातावर मीच ठेवणार. ते वचन मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. खाली उलट्या क्रमाने सगळं आखलं होतं. मार्चच्या सुरुवातीला पेपर, म्हणून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात विमान, म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परमिट वाढवण्याचा अर्ज, सोबत पासपोर्ट.

रोज दुपारी दीड वाजता, पुण्यात सात वाजलेले असताना, मी कारखान्याच्या कॅन्टीनमागच्या, आग लागली तर उतरायच्या जिन्यात बसून फोन करायचे. लोखंडी पायऱ्या, खाली कचऱ्याच्या पेट्या, हवेत तळलेल्या तेलाचा वास. हातात फोनकार्ड आणि गुडघ्यावर वही.

“किती तास?”

“साडेचार.”

“गणित?”

“दोन पेपर सोडवले. दीडशेपैकी एकात एकशे बत्तीस, एकात एकशे एकोणचाळीस.”

“दूध?”

“हो.”

“झोप?”

“सात तास. आई, पुढचा प्रश्न मीच सांगू? केस धुतले का. धुतले. त्याच्या पुढचा? आजीशी नीट बोलतेस का. बोलते.”

“आगाऊ आहेस.”

“लिहून घे मग. आगाऊपणा, एक.”

मी खरोखरच लिहून घेत असे. आगाऊपणा सोडून बाकी सगळं. आठवड्याच्या शेवटी बेरीज करायची, मागच्या आठवड्याशी ताडून बघायची. आकडे चांगले होते. मुलगी बरी होती.

अर्ज वेळेवर तयार झाला होता. फक्त फोटो राहिले होते, आणि गावात जाऊन बूथमध्ये काढायचे म्हणजे अर्धा दिवस मोडला असता. म्हणून मी ऑफिसच्या डिजिटल कॅमेऱ्याने, ऑफिसच्याच भिंतीसमोर फोटो काढून घेतला. आणि मग असं काही केलं जे जगात दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. तो फोटो मी माझ्या बटाट्यांच्या प्रोग्रॅममधून चालवून पाहिला. दोन सुरेख टेकड्या. माझे केस आणि चेहरा एकीकडे, भिंत दुसरीकडे, मधे स्वच्छ दरी. यापेक्षा चांगला फोटो असूच शकत नाही, अशा खात्रीने मी चार प्रती छापल्या आणि पाकीट बंद केलं.

नाताळच्या सुट्ट्या संपल्यावर अख्खा अर्ज परत आला. पार्श्वभूमीवर सावली आहे, नियमात बसत नाही, नव्या फोटोंसह पुन्हा पाठवावा. मी फोटो खिडकीत धरून बघितला. डाव्या कानामागे भिंतीवर सावलीचा एक ओघळ होता, कुठल्याही लहान मुलाला दिसला असता. मोजणीत ती सावली भिंतीच्या टेकडीच्या पायथ्याशी मुकाट बसली होती. ती माझ्या कानाला चिकटलेली आहे, हे आकड्यांतून कळायला मार्ग नव्हता.

आमचा बॉस कीथ “यू, ऑफ ऑल पीपल!” म्हणून मोठ्याने हसला. मग माझं तोंड बघून चहा करायला निघून गेला.

दुसऱ्यांदा अर्ज गेला तो जानेवारीत, रांगेच्या शेवटी. चौकशी केली तर उत्तर ठरलेलं: तीन महिनेही लागू शकतात. मधे प्रवास करायचा असेल तर पासपोर्ट परत मागता येईल, पण मग अर्ज मागे घेतला असं धरलं जाईल. म्हणजे जाता येत होतं. फक्त परत येता आलं नसतं, आणि त्या दिवसांत आमचं घर माझ्या नोकरीवर चाललं होतं.

लीड्समध्ये जानेवारीत साडेतीनलाच दिवे लावावे लागतात. सकाळी ज्या करड्या उजेडात बस पकडायची, त्याच करड्या उजेडात परतायचं. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी गंमत म्हणून खिडकीबाहेरचा फोटो काढून त्याचा हिस्टोग्राम बघितला. छपरं, आकाश, रस्ता, झाडं, सगळं मिळून मधोमध एकच बसकी टेकडी. दरी नाही. अशा फोटोचं आमच्या पद्धतीनं काही करता येत नाही. रेघ मारायला जागाच सापडत नाही. माझे दिवस तसेच झाले होते. सोमवार कुठे संपला आणि गुरुवार कुठे लागला हे सांगता आलं नसतं. कॅलेंडरवर मी रोज फुली मारत होते, पण मोजून मोजून काहीच वेगळं होत नव्हतं.

आज मागे वळून बघताना वाटतं, कुलूप, साखळी, भिंत असं त्यात काहीच नव्हतं. माझी खोली उबदार होती. लोक चांगले होते. कुणी मला धरून ठेवलं नव्हतं. मीच माझ्या हाताने एक पाकीट पेटीत टाकलं होतं आणि आता ते पाकीट मला धरून बसलं होतं. असं अडकलेलं माणूस कुणावर चिडताही येत नाही म्हणून आतल्या आत आक्रसत जातं. मी याद्या वाढवल्या. प्रश्न वाढवले. केतकी निमूट आकडे देत गेली.

जानेवारी संपता संपता बटाटेही उलटले. नवा माल कुठल्याशा चिकणमातीच्या शेतातून आला होता. धुऊनही त्यावर मातीचे बारीक ठिपके राहायचे. दांडी चांगल्या बटाट्यांना धडाधड पेटीत ढकलू लागली, आणि मधेच एखादा चक्क नासका बटाटा दिमाखात पुढे निघून जाऊ लागला. मी दरीतली रेघ डावीकडे नेली, उजवीकडे नेली. एक चूक कमी केली की दुसरी वाढायची. कीथनं मला बाजूला घेतलं. “हे फेब्रुवारीत चाललं नाही तर कारखाना दुसरीकडे जाईल. मग तुझ्या अर्जाला आपण आधार कसला देणार?”

त्या दुपारी मी लॅपटॉप घेऊन पट्ट्याजवळ बसले होते. मॉरीन बराच वेळ बघत होती. शेवटी तिनं पेटीतून एक बटाटा उचलला, पट्ट्यावरून एक उचलला आणि दोन्ही माझ्या नाकासमोर धरले. एकावर अंगभर काळे ठिपके. दुसरा गोरापान, फक्त एका टोकाला अंगठ्याएवढा काळा डाग.

“तुझं यंत्र यांतला कुठला फेकतं?”

“हा ठिपक्यांचा. यात काळं जास्त भरतं.”

“किती काळं आहे ते कशाला विचारतेस, लव्ह? कुठे आहे ते विचार ना.” तिनं ठिपक्यांच्या बटाट्यावर हातमोज्याचा अंगठा फिरवला. “सगळीकडे सांडलंय ती माती. पुसली की गेली.” मग दुसऱ्याच्या डागात तोच अंगठा दाबला. तो आत गेला. “एका जागी गोळा होऊन बसलंय ते कुजलेलं. माझ्या नातवालाही कळतं हे.”

मला हसू आलं आणि लाजही वाटली. कारण हे मला ठाऊक होतं. फोटोतले सगळे ठिपके उचलून हवे तसे विस्कटून टाका, हिस्टोग्राम जसाच्या तसा राहतो. त्यात किती ते असतं, कुठे ते नसतं. हे वाक्य मी कॉलेजात परीक्षेच्या पेपरात लिहिलं होतं आणि त्याचे मार्कही घेतले होते.

पुढचा उपाय काही अवघड नव्हता. आधी रेघ मारून काळे ठिपके वेगळे काढायचे, मग प्रत्येकाला विचारायचं, तुझ्या शेजारी कोण आहे? एकमेकांना चिकटलेल्यांचा मिळून एक डाग, एकटे सुटे असतील ते सोडून द्यायचे. आठवड्याभरात यंत्र ताळ्यावर आलं. मॉरीनही घरी गेली नाही. यंत्राला शंका येईल ते बटाटे बघायला एक माणूस लागतोच, हे कारखान्याला तेव्हा कळलं.

पण ती दुपार माझ्या लक्षात राहिली ती बटाट्यांमुळे नाही. दीड वाजता मी नेहमीसारखी जिन्यात जाऊन बसले. किती तास, साडेपाच. विज्ञान, तीन धडे. दूध, हो. आणि वहीत नसलेला एक प्रश्न तोंडातून निघून गेला.

“कुठे बसून करतेस गं अभ्यास?”

पलीकडे वही मिटल्याचा आवाज आला. मग, “का?”

“सहज.”

“खाली. पार्किंगमध्ये.”

“पार्किंगमध्ये?”

“तुझ्या गाडीपाशी. तो लाल स्टूल आहे ना, त्यावर.”

माझी जुनी स्कूटर मी कापडी कव्हर घालून जिन्याखालच्या कोपऱ्यात लावून आले होते. “अगं, घरात खोली आहे तुझी. टेबल आहे, दिवा आहे, मी स्वतः आणून दिलाय.”

“आजीची सिरियल असते.”

“मग आजीला सांग.”

“थंड असतं गं तिथे. बरं वाटतं.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

दिवाळीपासून. साडेचार तास, साडेपाच तास, एकशे बत्तीस, एकशे एकोणचाळीस. सगळे आकडे खरे होते. मुलगी एक शब्दही खोटं बोलली नव्हती. आणि तीन महिने मी तिला त्या टेबलाशी, त्या दिव्याखाली बसलेली मनात बघत होते.

मी काय केलं? यादी केली. जिन्याखालचा दिवा मोठा लावणे. डासांसाठी कॉइल. स्टुलावर उशी. शरदला फोन करून तिन्ही गोष्टी सांगितल्या, त्यानं त्या केल्याही. मग त्या यादीकडे बघत बसले. मॉरीनचा अंगठा आठवत होता.

फेब्रुवारीच्या मध्यावर, विमान पकडायचा दिवस तोंडावर आला तेव्हा मी तिला म्हणाले, “केतकी, मी अर्ज मागे घेते. येते तिकडे.”

“आणि मग परत?”

“परत नाही.”

“आणि तुझे बटाटे?”

“बटाट्यांचं काय एवढं!”

मागे मोटारसायकल सुरू केल्याचा आवाज आला. म्हणजे ती खालीच होती. “नको,” ती म्हणाली. “तू इथे येऊन वैतागशील. घरभर याद्या चिकटवशील. आणि मला कमी मार्क पडले तर म्हणणार नाहीस, पण तुझ्या तोंडावर दिसेल, की हिच्यासाठी सगळं सोडून आले. बाबांची नोकरी पण तशीच आहे. नको आई. मी बसते ना इथे. मला चालतं.”

पंधरा वर्षांच्या मुलीनं परवानगी दिली आणि मी ती घेतली. अर्ज मागे घेतला नाही. एवढ्या वह्या भरल्या, पण हे एक वाक्य मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

पहिला पेपर मराठीचा. पुण्यात अकरा, लीड्समध्ये पहाटेचे साडेपाच. मी त्याआधी तासभर उठून अंघोळ केली. वाटीतलं दही चमच्याने तळहातावर घेतलं, वर साखर घातली. फ्रिजमधलं दही, हात गार पडला. घड्याळ बघितलं. आता ती वर्गात शिरली असेल. मग ते दही-साखर मीच खाल्लं आणि बस पकडली.

पासपोर्ट एप्रिलमध्ये आला, एका मंगळवारी, बाकीच्या टपालात मिसळून.

आता शरद इथेच असतो. केतकी पुण्यात आजीजवळ, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. आज दुपारी तिला फोन करून सांगितलं की पासपोर्ट पुन्हा पाठवलाय.

“फोटो कुठे काढलास?” तिचा पहिला प्रश्न.

“बूथमध्ये.”

“शाबास.”

दोघी हसलो. हा विनोद आता आमच्या घरात मुरलाय. तिला माझी वाट वगैरे बघायला लागत नाही. तिचं तिचं छान चाललंय. मग मला आज पोस्टासमोर गाडीत बसून काय झालं होतं, हे मी तिला सांगितलं नाही. तसंच काहीसं त्या वर्षीच्या मे महिन्यात झालं होतं, तेही सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात मी घरी गेले होते. केतकीचे पेपर होऊन गेले होते, निकाल यायचा होता, आणि ती मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेली होती. संध्याकाळी सातच्या सुमारास मी एकटीच खाली पार्किंगमध्ये गेले. आधी, सवयीनं, दिवा तपासला. लागत होता. मग तिथेच उभी राहिले. मे महिना सोडला तरी ती जागा थंड असण्यातली नव्हती. वाऱ्याची झुळूक नाही, पाण्याचा पंप कानाशी घरघरत होता, डासांचा घोळका डोक्यावर. आणि आमच्या घरातल्या सिरियलचं संगीत जिन्यातून सरळ खाली येत होतं. तिनं सांगितलेल्या कारणांतलं एकही तिथे नव्हतं.

लाल स्टूल स्कूटरला टेकवून ठेवला होता. फरशीवर त्याच्या पायांचे चार ओरखडे होते, रोज एकाच जागी ओढून ओढून पडलेले. मी स्टूल बरोबर त्या चार खुणांवर ठेवला आणि बसले. स्कूटरचं कव्हर उजव्या कोपराशी आलं, दिवा डाव्या खांद्यावर. समोर, दोन खांबांच्या मधून, बाहेरून कुणी आलं की लगेच दिसेल असं सोसायटीचं गेट. बाकी काहीच नाही. सगळ्या पार्किंगमधून ते फक्त त्या एका जागेवरून दिसत होतं.

तेवढ्यात एक रिक्षा येऊन गेटशी थांबली. तिच्या दिव्याचा झोत आत शिरून थेट माझ्या तोंडावर आला. उतरलं ते वरच्या मजल्यावरच्यांकडे आलेलं कुणीतरी होतं. पण तोवर मी स्टुलावरून अर्धी उठले होते.